मोगऱ्याखालचं गवत

सात रस्त्याच्या बसथांब्यावर तानाबाईंनी गवताचा भारा रुक्सानाच्या हातात दिला. शेजारी बसलेल्या द्वारकाबाईंना आई आठवली. तीही उन्हाळ्यात ओल टिकावी म्हणून झाडांच्या बुडाशी असंच गवत पसरायची.

“घे गं. माढ्यास्नं तुज्यासाठनं आणलंय.”

“पण मावशी, मागचं पसरल्यापासून मोगऱ्याची नवी पानं मुरडायला लागलीत.”

“हिरवंगार गवत, त्यानं काय हुतंय? उसातलं हाय. तणनाशक मारल्यावर बी तसंच उबं हुतं.”

“तणनाशक मारलेलं? मग हे मेलं कसं नाही?”

“त्या औशदानं रुंद पानाचंच मरतंय. गवताला काय हुत न्हाय.”

“मावशी! मोगरा रुंद पानाचाच की!”

“अगं बया! ह्ये तर माज्या डोक्यातच आलं न्हाय. काडून टाकलंस न्हवं?”

“ऊन लागलं वाटलं. म्हणून आणखी जाड थर दिला. वर रोज पाणी.”

“आगं आई! जाऊ दे, दुसरी कुंडी लावू की.”

“कुंडीत नाही, मावशी. अम्मीच्या कबरीवर आहे तो. तिनं स्वतःच्या हातानं लावलेल्या झाडाची शेवटची फांदी रोवलीय तिथं.”

तानाबाईंनी भारा परत ओढून घेतला. त्यातून खाली सांडलेल्या काड्यांपासून द्वारकाबाईंनी नकळत आपले पाय मागे घेतले.