डिशवॉशरमागचा नळ

मंगळवेढ्याच्या एसटीत श्रावणी नावाच्या अनोळखी मुलीशेजारी बसलेल्या बजाबाईंनी सुनेचा फोन स्पीकरवर घेतला.

“आई, तुम्ही निघालात आणि डिशवॉशरमध्ये पाणीच भरेना. मेकॅनिक बोलावते.”

“थांब की पायल! मागचा नळ बंद हाय, तेवढा सोड.”

“कुणी बंद केला?”

“मीच. पाच दिसांनी पाणी येतंय, मशीनला कुटलं पाजू?”

“मग दोन महिने मशीनमधून भांडी स्वच्छ कशी निघत होती?”

“पहाटं उठून दोन बादल्यांत घासायची, पुसून परत आत लावायची.”

“मशीनला एकच बादली लागते, आई!”

“आसू दे. इंद्रजीतला सांगू नगंस, हौसेनं आणलंय त्यानं.”

“अहो, ते रोज म्हणायचे, आईपेक्षा मशीन स्वच्छ घासतं!”

“व्हय की. लई बरं वाटायचं गं ऐकून.”