बर्लिनच्या आजी आणि माझे अनवाणी पाय

सुमन, हॅनोव्हरला असताना मी गणपतीला नवस बोलले होते, तो तुला सांगितलाय का? ह्यांचा पीएचडीचा प्रबंध पूर्ण होईपर्यंत घराबाहेर पायात काही घालायचं नाही. थंडी संपल्यावर बोलले, तेवढं गणपतीलाही चालतं.

त्याच उन्हाळ्यात शनिवार-रविवार धरून आम्ही बर्लिनला गेलो. एवढी जुनी राजधानी पायीच बघायची, असं ह्यांचं म्हणणं. दुपारी एका बागेत टेकलो, तर शेजारच्या बाकावरच्या जर्मन आजींनी आधी माझे पाय पाहिले, मग ह्यांचे चकचकीत बूट पाहिले, आणि स्वतःचे बूट काढून माझ्यापुढे ठेवले.

मी हात जोडले. "अहो, त्यांना सांगा ना, नवस आहे म्हणून."

"अगं, इथे कुठे समजावत बसू? घाल क्षणभर."

"घालते. पण नवस मोडला तर प्रबंध तुमचा अडेल."

हे लगेच समजावायला बसले. आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आल्झो, म्हणजे तुमचं लिहून होईपर्यंत ही अशीच चालणार?"

"हो."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

आम्ही संध्याकाळच्या गाडीने परत आलो. रविवारचं बर्लिन राहिलं ते राहिलंच. पण पहिला बर्फ पडायच्या आत प्रबंध पूर्ण झाला.

तुझ्या नवऱ्याचाही अडलाय ना? मग तूही हाच नवस बोल. गणपती पावतोच गं. फक्त एकदा नवऱ्याबरोबर चारचौघांत पायी फिरून ये.