यादीतलं तिसरं नाव

नाही, नाही — ते तिसरं नाव खोडू नका. थांबा जरा, बाई. बसा आधी. ते पडदे सरकवा बाजूला — सांभाळून हं, टाचण्या आहेत त्यात. तीन जिने चढून आलात, मतदारयादीचं काम म्हणजे निव्वळ पायांचं काम, त्यात शाळा सांभाळून. पाणी देते — नको? बरं. तर काय म्हणत होतात — हरकतीचा अर्ज आलाय, की ही बाई या पत्त्यावर राहत नाही, नाव वगळा. आणि अर्ज कुणाचा? तिच्या नवऱ्याचा. म्हणजे आमच्या धाकट्याचा, माझ्या भावाचा. सही त्याचीच, शेवटच्या अक्षराला शेपटी ओढतो तो. आणि आता घरातल्या दुसऱ्या माणसाची सही हवी — ते दुसरं माणूस मीच, आणखी कोण आहे? राहत नाही हे खरं. चौदा महिने झाले. बहिणीकडे आहे, पुलापलीकडे. पण राहत नाही आणि राहायचंच नाही, यात फरक आहे की नाही? तुमच्या फॉर्मवर त्याला रकाना नाही, दिसतंय मला.

गेल्या खेपेला आमचा धाकटा उभा होता ना नगरसेवकपदाला — तुम्ही या वॉर्डातल्या नाही, तुम्हाला कुठून ठाऊक असणार. पंखे, मिक्सर दुरुस्तीचं दुकान त्याचं, कोपऱ्यावर. गटार तुंबलं की हा फोन लावणार, दिवा गेला की हा खांबाखाली उभा. लोक म्हणाले, तूच उभा राहा. लोकांचं काय जातं म्हणायला? समोर नर्सबाई — निवृत्त झालेल्या, आमची आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या पाठीच्या जखमा धुवायला रोज यायच्या, त्या. भावजयीला हे उभं राहणं पहिल्यापासून पसंत नव्हतं. "दुकान बघा, हे आपलं काम नव्हे," एवढंच म्हणायची, पण रोज म्हणायची. तरी राबली किती! वॉर्डाच्या हद्दी बदललेल्या, लोकांना आपलं केंद्रच सापडेना — नवऱ्याचं नाव या शाळेत, बायकोचं पलीकडच्या — ही दारोदार जाऊन यादीत बोट फिरवून एकेकाला नाव, खोली, सगळं काढून देत होती. त्यातल्या निम्म्यांनी मत दुसरीकडेच दिलं असेल. ते कुठे कुणाला विचारता येतं?

आणि पडला. कितीनं? एका मतानं, बाई. दोनदा मोजायला लावलं, दोन्हीदा तेच. घरी आला तो भिंतीकडे बघत बसला, ताटाला हात नाही. आणि ही काय म्हणाली? समजूत घालायला गेली बिचारी — "जाऊ द्या हो, बरंच झालं एका परीनं." झालं! मान वळवून बघितलं त्यानं. "घरातलंच मत फिरलं," म्हणाला. "तूच." तिनं शपथा घेतल्या, रडली, मग माझ्याकडे वळली — "वन्सं, तुम्ही तरी सांगा यांना." मी काय केलं? मी ताटं उचलली. आत जाऊन नळ सोडला मोठा, ऐकू येऊ नये म्हणून. आठ दिवस तो तिच्याशी बोलला नाही, नवव्या दिवशी बॅग भरून ती गेली. जाताना माझ्या पाया पडली हो.

असं काय बघताय? मी काही म्हटलेलं नाही. मत गुप्त असतं, तुमच्याच केंद्रात भिंतीवर लिहिलं होतं. म्हणजे — बरं. म्हटलं समजा.

प्रचाराच्या शेवटच्या सभेची गोष्ट. खाली चौकातच होती, कर्ण्याचं तोंड या खिडकीकडे. मी इथेच, या शिलाई मशीनवर. आणि आवाज आला त्याचा — "नवऱ्यानं टाकलेल्या माझ्या बहिणीला मी बावीस वर्षं पोसतोय, तसाच हा वॉर्ड सांभाळीन!" टाळ्या पडल्या. पोसतोय! आई होती तोवर तिची औषधं, याच्या दुकानाचं पहिलं भाडं, सगळं या पडद्यांवर निघालं. आणि टाकलेली कोण? मी स्वतः निघून आले होते, दोन्ही पायांनी चालत. ते एक त्याला ठाऊक होतं, फक्त त्याला. सुई बोटात गेली तरी मला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी मत द्यायला गेले ते त्यालाच द्यायला, खरं सांगते. शाई लावून घेतली, पुठ्ठ्याच्या आडोशाला उभी राहिले, त्याचं चिन्ह समोर होतं. बोट खालच्या बटणावर गेलं. पीं वाजलं. संपलं. बाहेर तो हात जोडून उभा होता, मी मान हलवली त्याला.

पस्तावले का? त्या मताचं नाही वाटत काही. नर्सबाई बरं काम करतात, गटार वाहतंय. पण माझं एक मत तिकडून इकडे आलं असतं तर हाच एकानं निवडून आला असता — हा हिशेब मी चौदा महिने करतेय, आणि तो बायकोच्या नावानं करतोय. थकले हो. खोटं बोलूनही नाही थकत माणूस इतकं, नुसतं गप्प राहून थकतं.

द्या तो कागद. सही? करते, पण वगळण्याला नाही. शेरा लिहा — तात्पुरती बहिणीकडे गेली आहे, कारण नणंद. रकाना नाही? मग समासात लिहा. हो, नणंदच लिहा. याची प्रत त्यालाही जाईल ना? जाऊ दे. पण नको — कागदावरून नको कळायला त्याला. सहाला येतो तो, साडेपाच झाले. पुन्हा येऊ नका बाई, गरज नाही. उठा तुम्ही आता. आणि दार — नको, उघडंच राहू द्या.