जोसेफचं शिक्षण

स्वराज्यानंतरची गोष्ट आहे. जोसेफ केनियाहून नागपूरच्या कॉलेजात शिकाले आलता, अन् सुट्टीत आमच्या गोंदियाच्या राइस मिलमध्ये अनुभव घेत होता. सरकारी परवानगी फक्त शिकाची. काम करताना सापडला तर थेट मायदेशी रवानगी.

एका दुपारी हवालदार तपासाले आला. सेठ जेवाले गेलते, म्हणून आम्ही सारे पोत्यांवर लवंडलो होतो, जोसेफही.

"हा काम करते का?" हवालदारानं मले विचारलं.

"नाही जी, शिकून राहिला."

"क्या सीखा?" त्यानं जोसेफलेच विचारलं.

जोसेफ अदबीनं उभा राहिला. "सेठजी गए तो सोना. सेठजी आए तो उठना."

तेवढ्यात दारात सेठ दिसले. आम्ही ताडकन उठलो.

हवालदारानं आमच्याकडे पाहिलं अन् कागदावर लिहिलं, 'शिक्षण व्यवस्थित चालू आहे.'