कुंकू लागलेली पाटी

अहो टाळकरी, थांबवा जरा टाळ! बापू, तुमच्या मृदुंगालाही दम खाऊ द्या. हं! मंडळी, उद्या खंडेनवमी. घरोघर कोयते धुवाल, कुऱ्हाडी पुसाल, ट्रॅक्टरला हार घालाल. घालाच! पण आज या भैरवनाथाच्या दारात मी एकच विचारतो — हत्याराचा मान कशात आहे? त्याला कुंकू लावण्यात, की त्याला हातात धरण्यात?

लगेच माना डोलवू नका! तुमच्या माना ठाऊक आहेत मला. झोपेतही डोलतात त्या!

ऐका तर. घाटात एक गाव आहे. नाव नाही सांगत — मला तिथं परत जायचंय! तिथल्या उपकेंद्रात नर्स होती, कुमुदताई. अंगानं किरकोळ, पण हाक मारली की नदीपलीकडची म्हैस वळून बघायची! आणि तिचं हत्यार कोणतं? सुई? नव्हे! पाटी. काचेची! तुमची पोरं टॅब म्हणतात ना, तीच.

आता ही पाटी काही एका दिवसात शहाणी झाली नाही बरं! पहिली आली ती पोळपाटासारखी जड. दुपारी बारालाच डोळे मिटायची — आमच्या या पाटलांसारखी! राग नका मानू, पाटील. दुसरी आली, हलकी होती, पण बोट लावलं की विचारात पडायची. तिसरी मराठीत बोललेलं लिहून घ्यायला शिकली. आणि चौथी? अहो, दंडाला पट्टा बांधला की रक्तदाब आपोआप तिच्यात उतरायचा! कुणाची तपासणी राहिली की ती स्वतः ओरडून सांगायची! तालुक्याच्या डॉक्टरीणबाई तिच्यातून पेशंट बघायच्या. म्हणतात, पुढची येईल ती घडी घालून चंचीसारखी कमरेला खोचता येईल. येऊ द्या! पाटी शहाणी होत चाललीय. आपलं काय चाललंय, ते बघू.

खंडेनवमी आली. त्या गावची रीत अशी — सगळ्यांची हत्यारं देवळात मांडायची, पूजा करायची, आणि दसरा उजाडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. विळे आले, वस्तरा आला, शिवणयंत्रसुद्धा आलं! पूजा सांगायला एक बुवा होते. बुवा उपकेंद्रात गेले. "कुमुदताई, तुमची पाटी द्या! तिनं काय पाप केलंय?"

"बुवा, पूजा झाली की लगेच परत पाठवाल ना?"

"अहो, द्या तर खरं!"

दिली बिचारीनं, आणि पोरांना लस टोचायला बसली. बुवांनी पाटी पाटावर मांडली, झेंडू वाहिला. ओलं कुंकू घेतलं. लावायचं कुठं? कपाळाला! आता पाटीचं कपाळ कुठलं? वरच्या कडेला मधोमध एक बारीक काचेचा डोळा असतो, समोरचं माणूस दाखवणारा. नेमका त्याच्यावर टिळा! चांगला भरघोस!

आरती सुरू झाली, आणि झेंडूखालून — टुंग! टुंग! टुंग!

बुवा चिडले. "गप करा रे तिला!" कुणीतरी वर उपरणं टाकलं.

मंडळी, ती का ओरडत होती? वरच्या धनगरवाड्यातली जनाई — आठवा महिना, पहिलटकरीण, मागच्या दोन भेटींत रक्तदाब चढलेला. तिची आज तपासणी होती! पाटी तेच सांगत होती. आणि आपण काय केलं? उपरणं टाकलं!

तासाभरात जनाईचा नवरा बिरू उपकेंद्रात धावत आला. पायात चप्पल नाही! "ताई, जनाई डोकं धरून बसलीय! डोळ्याम्होरं अंधारी येतीय म्हनती! तोंड सुजलंय!"

कुमुदताईनं ओळखलं. आता झटके येणार. आईही जाईल, पोटातलं लेकरूही जाईल! ॲम्ब्युलन्सला फोन केला, तिला तास लागणार होता. ही तडक देवळात. "बुवा, पाटी द्या."

बुवा आडवे! "पूजलेलं हत्यार हलवायचं नसतं. उद्या न्या. फोन आहे की तुमच्याकडं!"

"जनाईचे सगळे आकडे या पाटीत आहेत. पट्टा हिलाच जोडतो. डॉक्टरांनी बघितल्याशिवाय मी इंजेक्शन कसं देऊ?"

"देव कोपेल, ताई!"

काय म्हणाली ती? ऐका! "बुवा, कोयता कशाला पूजलात? ऊस तोडावा म्हणून. माझ्या हत्याराचं काम आत्ता आलंय. देवाला कोपायचं तर माझ्यावर कोपू दे. सरका!"

बुवा सरकेनात. तिनं दंडाला धरून बाजूला केलं त्यांना! झेंडू झटकला, पाटी काखेत मारली, आणि पाऊण तासाचा चढ पंचवीस मिनिटांत चढली!

जनाईला पट्टा बांधला — वरचा एकशे सत्तर, खालचा एकशे दहा. पाटीत डॉक्टरीणबाई आल्या आणि ओरडल्याच, "कुमुद! मला सगळं लाल दिसतंय! रक्तस्राव कधी सुरू झाला?"

अहो, कुठला रक्तस्राव! बुवांचं कुंकू ते! वाळून बसलेलं! हसताय? तिथं कुणी हसत नव्हतं. बिरू रडत होता. कुमुदताईनं पदर घेतला, थुंकी लावली आणि घासून पुसलं — लहानपणी आपण शाळेत पाटी पुसायचो ना, तस्सं! मग दिसला बाईंना तो सुजलेला चेहरा. दिसले मागचे आकडे. "दे इंजेक्शन. आत्ताच दे. मी बघतेय."

दिलं! चौघांनी जनाईला झोळीत घालून खाली आणलं, पायथ्याला ॲम्ब्युलन्स उभी होती. तालुक्याला संध्याकाळी मुलगी झाली. मायलेकी दोघी जगल्या!

आता मघापासून तुम्ही त्या बुवांना हसताय. हसा! ते बुवा म्हणजे मी. तो टिळा याच बोटानं लावलाय. दसऱ्याला सोनं द्यायला मी उपकेंद्रात गेलो. आपट्याची पानं हातात, मान खाली. कुमुदताईनं पानं घेतली आणि म्हणाली, "बुवा, अजून थोडा उशीर झाला असता तर मला तुमचं तोंड बघवलं नसतं." एवढंच. मला आजही झोंबतं ते, आणि झोंबायलाच पाहिजे.

आता तुमच्याकडं वळतो! दुपारी मी पंचायतीत चहाला आलो होतो. कपाटाच्या काचेतून काय दिसलं मला? तशीच पाटी! तीन वर्षं झाली म्हणे. वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही, आणि गळ्यात वाळका हार! का? तर खराब होईल! आणि ही पाटी जिच्यासाठी आली त्या तुमच्या नर्सबाई? त्या बघा खांबाशी बसल्यात, अजून वहीत लिहितायत. तुमच्या गावात आज किती लेकी-सुना पोटुशी आहेत, हो? सांगा की!

सरपंच, किल्ली कुठंय? घरी? मग जा, आणा. आम्ही कुठं जात नाही. आज ती पाटी चार्जिंगला लागेल, आणि उद्या पूजेला येईल ती नर्सबाईंच्या हातातून येईल, त्यांच्याच हातात परत जाईल. कुंकू मी लावीन. मागच्या बाजूला, तिकडचाही डोळा चुकवून, नखाएवढं!

तोवर तबक खाली ठेवा. बापू, मृदुंगाला हात लावू नका. भैरवनाथ खूप वर्षं थांबलाय, अजून दहा मिनिटं थांबेल. आज चांगभलं म्हणायचं ते किल्ली आल्यावरच!