सुट्टीचे कपडे

ज्योत्स्ना : सगळेच धुतले, आई?

दुर्गाबाई : सगळेच. काल सकाळी मिलिट्रीची गाडी आली, दोन जवान पेटी ठेवून गेले. त्यायले चहा पाजला अन् लगेच टाक्यावर बसली. दोन वाजेपावतर सारं दोरीवर. वर्दीचे जाड कपडे तेवढे वलसर आहेत अजून. काहून व, अशी काहून पाहून राहिली?

ज्योत्स्ना : काही नाही.

पुंजाजी : काही नाही कसं? अमरावतीहून पहिली गाडी धरून आली, पाण्याले हात नाही लावला, अन् उंबऱ्यातूनच पेटी कुठी आहे म्हणते. तुह्याकडे जायची होती का ती? मी सही केली बाप्पा, पण कागदावर पत्ता इथलाच होता. मेजर सुगत पुंजाजी वानखडे, मुक्काम तेल्हारा, जिल्हा अकोला. मी त्या जवानाले मोठ्यानं वाचून दाखवलं.

ज्योत्स्ना : पत्ता बरोबर आहे, मामाजी. भरतीच्या वेळी लिहिलेला. अमरावतीला घर बांधलं तरी तुमच्या मुलानं तो कधी बदलला नाही. मी पेटीवर हक्क सांगायला नाही आले.

दुर्गाबाई : मंग?

ज्योत्स्ना : एक शर्ट पाहिजे होता. न धुतलेला.

दुर्गाबाई : न धुतलेला?

ज्योत्स्ना : दीपूसाठी. घरी होते ते सगळे त्यांनीच इस्त्री करून कपाटात ठेवलेले. एक निळा टी-शर्ट तेवढा खुंटीवर राहिला होता, तो ती उशीखाली घेऊन झोपायची. दोन महिने झाले. परवा मला म्हणाली, आई, याला आता माझाच वास येतो. बाबांचा कसा होता ते आठवत नाही.

पुंजाजी : फोन कराचा होता ना बाई.

ज्योत्स्ना : सामान पोचलं का, असा युनिटमधून फोन आला तेव्हा मला कळलं. काल संध्याकाळी. लगेच तुम्हाला लावला तर बंद.

दुर्गाबाई : संध्याकाळी लागून तरी काय होणार होतं. तवापावतर मी कांड करून बसली होती.

ज्योत्स्ना : तसं नाही म्हणत मी.

दुर्गाबाई : म्हण ना. म्हणलं तरी चालते. पण सव्वीस वर्षं मी हेच केलं व. पेटी घरात आली का उलटी कराची. ट्रेनिंगातून पहिल्या सुट्टीले आला तवा अठरा वर्षांचा होता. आंगाले खरूज, अन् कपड्याले असा वास का दारातून आत येऊ द्याव वाटेना. मी म्हटलं, आंधी पेटी इकडे आण, भाकर मंग. तवापासून नेमच पडला. शिपायाचा साहेब झाला, खांद्यावर चांदण्या लागल्या, पण पेटी मीच उलटी करो.

पुंजाजी : मी म्हणो हिले, अवं, त्याले आता तथी धोबी आहे. बूट पुसालेही माणूस आहे. तर म्हणे, धोब्याले काय मालूम कॉलर कशी घासतात.

दुर्गाबाई : बूट पुसाले माणूस असून तुमचा पोट्टा काय करे? इथी आला का साऱ्या घराच्या चपला गोळा करून ओट्यावर बसे.

पुंजाजी : माह्या टायरच्या चपलेले पॉलिश मारे. मले वावरात जायची लाज वाटे. लोक म्हणत, काय पुंजाजी, सोयरीक पाहाले चालला का.

ज्योत्स्ना : दीपूचे युनिफॉर्म सोमवार ते शनिवार ओळीनं लटकवायचे. निघायच्या दिवशीसुद्धा पुढच्या आठवड्याचे करून जायचे. ती शनिवारचा घालायचीच नाही, पुरवून ठेवायची. पुढच्या सुट्टीला ते आले की तो चुरगळलेला दाखवून भांडायची, बाबा, हा तुम्ही नीट केला नव्हता.

पुंजाजी : असा मेजर कुठी पाह्यला का कोणी. चौकात पोट्ट्यायनं बॅनर लावला त्याचा, शहीद लिवलं. मी म्हटलं, बाबू, त्याले गोळी नाही लागली. वरच्या चौकीवर झोपेत हृदय बंद पडलं. तर म्हणे, आजोबा, असंच लिवतात.

दुर्गाबाई : बाया मलेही तेच इचारतात. गोळी लागली का, गोळी लागली का. जशी गोळी लागली असती तर मी कमी रडली असती.

(ज्योत्स्ना अंगणातल्या दोरीवरचा एक शर्ट ओढून नाकाशी धरते, आणि परत नीट चिमटा लावून ठेवते.)

दुर्गाबाई : साबणाचाच येते. मी पाह्यलं.

ज्योत्स्ना : एक तरी ठेवायचा होता, आई. पेटी उघडली तेव्हा तुम्हाला त्यांचा वास आला असेल ना?

दुर्गाबाई : आला.

ज्योत्स्ना : मग?

दुर्गाबाई : मंग काय सांगू तुले. झाकण उघडलं अन् तो आला. असं वाटलं का मागं उभा आहे, आता म्हणन, आई, भूक लागली. मी भेली. काय कराव समजेना म्हणून सारं उचलून टाक्यावर नेलं. हात चालू असले का डोकं चालत नाही माणसाचं. पहिला शर्ट पाण्यात टाकला, पाणी काळं झालं. मी म्हटलं, किती मळवले रे बाबू. दरसाल म्हणो तसंच म्हटलं. एकामागं एक घासत गेली. शेवटचा पिळला तवा ध्यानात आलं का हे आता पुन्हा मळून येणार नाहीत.

पुंजाजी : मले वाटलं ही साबणाचं डोळ्यात गेलं म्हणून पुसून राहिली.

दुर्गाबाई : तुमाले वाटू दिलं तसं.

ज्योत्स्ना : आई, एक सांगू? त्यांनी सांगू नको म्हटलं होतं, पण आता कोणाची भीती. ते कपडे मुद्दाम मळवलेले होते.

दुर्गाबाई : मुद्दाम काहून मळवन कोणी?

ज्योत्स्ना : पठाणकोटला आम्ही सोबत राहत होतो, तेव्हा मी पाहिलं. सुट्टीला आठ-दहा दिवस राहिले की धोब्याला एक कपडा द्यायचे नाहीत. घामाचे शर्ट घडी करून पेटीत. मी चिडले, म्हटलं, हा काय घाणेरडेपणा, एवढा मोठा ऑफिसर. तर म्हणाले, कॅप्टन झालो त्या वर्षी एकदा सगळे धुऊन, कडक इस्त्री करून घरी नेले होते. आईनं पेटी उघडली आणि तशीच बंद केली. दिवसभर तिला काही सुचलं नाही. संध्याकाळी म्हणाली, तुझं सगळं तिथंच होतं आता, माझं काय काम उरलं.

दुर्गाबाई : म्हटलं होतं मी तसं. चुलीपाशी बसून म्हटलं होतं. मले वाटलं त्यानं आयकलं नाही.

ज्योत्स्ना : ऐकलं होतं. त्यानंतर कधीच धुतलेले आणले नाहीत. यावेळी तर बारा तारखेपासून सुट्टी मंजूर होती. सहा तारखेला ते गेले. म्हणून मला पक्कं माहीत होतं, पेटीत न धुतलेले असणारच. त्या भरवशावर आले मी.

दुर्गाबाई : म्हंजे ते माह्यासाठीच होते.

ज्योत्स्ना : तुमच्यासाठीच ठेवले होते. तुम्हाला धुवायला. येताना गाडीत याचा विचारच नाही आला मला. मी आपली माझ्याच लेकीचं धरून बसले.

पुंजाजी : अन् मी इतकी वर्षं म्हणो, मेजरची कॉलर एवढी काळी कशी. मले वाटे तथी पाणी कमी असन.

दुर्गाबाई : पण पोरीले काय सांगशीन तू? ती वाट पाहत असन. आजीनं सारं धुऊन टाकलं म्हणशीन?

ज्योत्स्ना : सांगेन काहीतरी. चारच्या गाडीनं अकोला गाठते, तिथून अमरावती.

पुंजाजी : थांब. बिस्तरा आहे.

दुर्गाबाई : तो होल्डॉल? त्याचे पट्टे कुठी निघून राहिले. गंजले म्हणता ना तुमी.

पुंजाजी : गंजले नाहीत.

दुर्गाबाई : काल मी दोनदा म्हटलं, सोडून द्या, गादी-उशीची खोळ धुऊन घेते. तुमी म्हटलं बक्कल गंजलं.

पुंजाजी : खोटं बोललो. मले नव्हता सोडाचा. सुट्टी सरत आली का तो आदल्या दिवशीच बिस्तरा बांधून त्या कोपऱ्यात उभा करे. हिले ते पाहून रडू ये. मले उलटं वाटे. बांधलेला बिस्तरा कोपऱ्यात आहे तवापावतर पोट्टा घरात आहे. काल जवानानं नेमका तथीच टेकवला. म्हटलं, राहू दे असाच.

ज्योत्स्ना : उशी आहे त्यात, मामाजी. त्यांची उशी.

पुंजाजी : असन.

दुर्गाबाई : घेऊन जा, बाई. आत्ताच घेऊन जा. इथी सोडू नको, वारं सुटलं आहे. घरी नेऊन पोरीसमोर उघड.

ज्योत्स्ना : आणि तुम्ही?

दुर्गाबाई : माह्यं काय. माह्या वाट्याचं त्यानं मले पाठवलं होतं, मी धुऊन टाकलं. मले नाही पायजे आता काही.

ज्योत्स्ना : आई, इकडे बघा. तुमचे हात केवढे फुटलेत सोड्यानं.

दुर्गाबाई : वर्दीले सोडा लागतेच.

ज्योत्स्ना : मी नाही जात आज. उद्या शनिवार, दीपूची शाळा सकाळची आहे. ती तिच्या काकाकडे, अश्विनकडेच आहे. त्याला सांगते, शाळा सुटली की तिला घेऊन इकडेच ये. मग सगळे बसू. दारं-खिडक्या लावून घेऊ आणि तिलाच सोडू देऊ पट्टे.

दुर्गाबाई : तिच्यानं निघतीन?

ज्योत्स्ना : निघतील. बाबांनी शिकवलंय तिला.

दुर्गाबाई : मंग आज तो आत नेऊन ठेवा. धुळीत राहाले नको.

पुंजाजी : हात लावू नका कोणी. आहे तथीच राहू द्या. उद्यापावतर घरीच आहे तो.