स्टीव्हला आवडत नाही

रॉक रेडिओवरची गाणी कोण ठरवतं, ते मला विचारा. ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या एका रेडिओ स्टेशनवर आमचा वसईचा व्हिव्हियन दर शनिवारी दुपारी तिथल्याच नव्या बँड्सची गाणी लावायचा. कुठली गाणी लावायची हे सांगायला सिडनीहून कन्सल्टंट आला आणि म्हणाला, "हा शो बंद. स्टीव्हला नवी गाणी आवडत नाहीत."

मी बातमीसाठी तिथेच बसलो होतो. म्हटलं, "कोण हा स्टीव्ह? मला त्याची मुलाखत हवीय."

"स्टीव्ह खरा नाही, मेट. तो आमचा नमुना श्रोता. आम्हीच तयार केलाय."

शेवटच्या शनिवारी स्टेशनचा फोन थांबेना. शो बंद करू नका, म्हणून लोक भांडत होते.

व्हिव्हियन म्हणाला, "अख्ख्या गावाचे फोन आले रे. स्टीव्हचा तेवढा नाही आला."

आणि स्टेशनने ऐकलं कोणाचं? स्टीव्हचं!